रॉकेट, पाऊस आणि खताची गोणी : डॉ. वसंतराव गोवारीकर यांची आठवण



नाशिकला अशोक स्तंभापासून निघणारा गंगापूर रोड शहर संपलं तरी संपत नाही, तो पश्चिमेला पार धरणाकडे जातो. आपल्यापैकी बहुतेकांचं त्या रस्त्यावर वर्षातून दोन-चार वेळा तरी येणं होतं. कुणाची मुलं के.टी.एच.एम. कॉलेजात, कुणाचं दवाखान्याचं काम, कुणाची तिकडे सोयरीक. काम कसलंही असो, जुलै-ऑगस्टात त्या बाजूला जाऊन आलेल्या माणसाला गावात पारावर पहिला प्रश्न एकच विचारतात, "धरण किती झालं?" पोराच्या अ‍ॅडमिशनची चौकशी नंतर होते.

आणि ते साहजिकच आहे. गोदावरीवरचं हे मातीचं धरण, साठा साडेपाच हजार दशलक्ष घनफुटांच्या थोडा वर. त्यातूनच नाशिक शहराचं पिणं, त्यातूनच कालव्याखालची शेती, आणि खाली नांदूर मधमेश्वरपर्यंत ज्याची त्याची मागणी. शिवाय १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरच्या धरणांनी खाली सोडायचं, हा नवा हिशेब गेल्या दहा-बारा वर्षांत मागे लागला आहे. म्हणजे ऊस उभा करून बसलेल्या माणसाचं सगळं गणित चार महिन्यांच्या आभाळावर.

हे आभाळ यंदा किती देईल, हे सबंध देशासाठी सोळा खुणांवरून आकड्यात सांगायचं धाडस आपल्याकडे १९८८ साली झालं. त्यामागचा मुख्य माणूस हवामानवाला नव्हता, ज्योतिषी तर नव्हताच. तो केमिकल इंजिनिअर होता, आपला मराठी माणूस होता, त्याआधी रॉकेटचं इंधन करीत होता आणि पंच्याहत्तरी गाठली तेव्हा खतांचा कोश पुरा करीत होता. डॉ. वसंत रणछोड गोवारीकर हे त्यांचं नाव. या अंकात त्यांची आठवण काढायचं आम्ही ठरवलं.

आपल्या पानांवर चेअरमन, संचालक, सहकारातले जुनेजाणते यांची आठवण नेहमी निघते, ती निघालीच पाहिजे. केमिस्ट आणि केमिकल इंजिनिअर मंडळींची मात्र सहसा निघत नाही. निघालीच तर उतारा घसरल्यावर वार्षिक सभेत निघते, आणि ती काही स्मरणाच्या सुरात नसते! तेव्हा ही जुनी बाकीही थोडी फिटेल.

केमिकल इंजिनिअर म्हणजे नेमकं काय, हे सांगायला आपल्याला लांब जायची गरज नाही. प्रयोगशाळेत काचेच्या नळीत एखादा पदार्थ तयार करणं हे रसायनशास्त्रज्ञाचं काम. तोच पदार्थ रोज टनावारी, तोट्यात न जाता आणि कुणाला इजा न होता तयार करणं हे केमिकल इंजिनिअरचं. आपल्या कारखान्यात मिलमधून रस निघाला की पुढचं सगळं त्याच विद्येचं आहे. चुन्याची निवळी किती, गंधकाचा धूर किती, रस किती आटवायचा, पॅनमध्ये निर्वात किती ठेवायचा, दाणा कधी धरायचा. पॅनवरचे जुने कारागीर बोटांवर तार ओढून बघत आणि सांगत, "अजून दहा मिनिटं." त्यांच्या बोटांत जे होतं तेच केमिकल इंजिनिअर समीकरणात मांडतो. पाकातला एक दाणा वाढतो किंवा विरघळतो तेव्हा त्याच्या अंगालगतच्या पातळ थरातून किती उष्णता जाते, किती साखर आत येते किंवा बाहेर जाते, हा तो प्रश्न.

गोवारीकरांचं पहिलं मोठं काम नेमकं याच जातीचं होतं, हे वाचून आम्हाला मौज वाटली. २५ मार्च १९३३ रोजी पुण्यात त्यांचा जन्म, वाढले कोल्हापूरकडे. म्हणजे गुऱ्हाळाचा वास त्यांना नवा नसणार. पन्नासच्या दशकात ते इंग्लंडला गेले. इकडे त्याच सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा करून दाखवला होता. तिकडे बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राध्यापक गार्नर यांच्या हाताखाली गोवारीकरांनी केमिकल इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केली. घन पदार्थ आणि वाहता द्रव यांच्यात उष्णता आणि द्रव्य यांची देवाणघेवाण कशी चालते, याची त्या दोघांनी नवी मांडणी केली. ती गार्नर-गोवारीकर सिद्धांत म्हणून ओळखली जाते. आपल्या भाषेत सांगायचं तर वाहत्या पाण्यातला खडा कसा आणि किती वेगाने झिजतो याचा हिशेब. हा खडा साखरेचा असेल, युरियाचा असेल, आणखी कशाचा असेल. एवढा एक प्रश्न नीट सुटला की किती दारं उघडतात, ते पुढे दिसेलच.

तिकडे हार्वेलची अणुशक्ती संशोधन संस्था, समरफील्डचं रॉकेट संशोधन केंद्र अशा ठिकाणी त्यांनी काम केलं. पगार, मानमरातब, थंड हवा, सगळं होतं. मग डॉ. विक्रम साराभाईंचं बोलावणं आलं आणि १९६७ साली हे गृहस्थ मायदेशी परतले. परतले ते मुंबई-दिल्लीला नव्हे, केरळात तिरुवनंतपुरमजवळ थुंबा नावाच्या कोळ्यांच्या गावी. तिथे एका जुन्या चर्चच्या इमारतीत कचेरी होती आणि रॉकेटचे सुटे भाग सायकलवरून न्यायचे दिवस जेमतेम मागे पडत होते. आमच्या मते माणसाची पारख इथेच होते. ज्याला कामात गंमत वाटते तोच असा उद्योग करतो. नुसता हिशेबी माणूस इंग्लंड सोडून माडाच्या बनात येत नाही.

तिथे त्यांनी हाती घेतलं ते घन इंधन. रॉकेटचं इंधन म्हटलं की आपल्याला टाकीतलं रॉकेल आठवतं. घन इंधन तसं नसतं. अमोनियम परक्लोरेट नावाचं मिठासारखं दिसणारं पांढरं रसायन, अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड आणि हे सगळं एकत्र धरून ठेवणारा रबरासारखा चिकट पदार्थ, यांचं पीठ मळल्यासारखं मिश्रण करायचं. ते साच्यात ओतायचं आणि मंद उष्णतेवर घट्ट होऊ द्यायचं. गुऱ्हाळावर काहिलीतून उतरवलेला गूळ ढेपेत ओततात, तो प्रकार डोळ्यांपुढे आणा. फरक एवढाच की गुळाच्या ढेपेला चीर पडली तर व्यापारी पाच-पन्नास रुपये कापतो. इंधनाच्या ढेपेला चीर पडली किंवा आत हवेचा बुडबुडा राहिला, तर जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, आतला दाब वाढतो आणि रॉकेटच फुटतं. म्हणून ओततानाही निर्वात ठेवावा लागतो, आपल्या पॅनसारखाच. आणि गंमत बघा, या इंधनाच्या ढेपेलाही त्या धंद्यात 'ग्रेन' म्हणजे दाणाच म्हणतात. पाकातल्या दाण्यापासून निघालेला माणूस फिरून दाण्यावरच आला.

परदेशातून तयार इंधन आणण्याऐवजी कच्च्या रसायनांपासून आपलं आपण करायचं, हा रस्ता त्या काळात धरला गेला, आणि तो धरणाऱ्यांत गोवारीकर पुढे होते. १९७९ ते १९८५ ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. एस.एल.व्ही.-३ हे आपलं पहिलं उपग्रह-रॉकेट चार टप्प्यांचं, आणि चारही टप्पे घन इंधनाचे. ऑगस्ट १९७९ मधलं पहिलं उड्डाण फसलं. दुसरं १८ जुलै १९८० रोजी यशस्वी झालं आणि ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. त्या प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते, त्यांचं नाव घरोघरी पोहोचलं. इंधनवाले पडद्यामागे राहिले. पॅनवाल्याचं नाव साखरेच्या पोत्यावर कुठे असतं? तसंच ते. सरकारने मात्र नोंद घेतली. १९८४ साली गोवारीकरांना पद्मश्री मिळाली, पुढे २००८ साली पद्मभूषण. रबरासारख्या त्या पदार्थांच्या शास्त्रावर, म्हणजे पॉलिमरवर, त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिलेलं इंग्रजी पाठ्यपुस्तक देशभरच्या कॉलेजांत वापरलं गेलं. आपल्यापैकी कुणाच्या घरी रसायनशास्त्राचा पदवीधर असेल तर विचारून बघा, त्याला ते ठाऊक असेल.

आता पावसाकडे येऊ. सभासदांना खरा रस तिथेच आहे, आणि आम्हालाही.

१९८६ साली गोवारीकर दिल्लीला विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. (२८ फेब्रुवारीला शाळाशाळांतून जो विज्ञान दिवस होतो तो १९८७ पासूनचा, म्हणजे त्यांच्याच कारकिर्दीतला.) हवामान खातं तेव्हा त्याच विभागाच्या अखत्यारीत होतं. आणि १९८७ चा पाऊस तर जुन्या माणसांच्या लक्षात असेलच. देशात सरासरीपेक्षा सुमारे १९ टक्के कमी. चारा नाही, पाणी नाही, विहिरींनी तळ गाठलेला. सहाजिकच दिल्लीत प्रश्न आला की हे आधी का कळलं नाही?

पावसाचा अंदाज हवामान खातं काही नव्याने करीत नव्हतं. हिमालयावरच्या बर्फावरून पहिला अंदाज १८८६ साली ब्लॅनफर्ड यांनी काढला. त्यानंतर १९०४ साली आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या दाब-तापमानाचे आकडे जुळवून प्रशांत महासागर आणि आपला मान्सून यांचं नातं शोधलं. पुण्याला शिवाजीनगरला हवामान खात्याच्या कचेरीला 'सिमला ऑफिस' म्हणतात ना, ते हेच खातं, सिमल्याहून १९२८ साली पुण्याला आलेलं.

गोवारीकरांनी यात केमिकल इंजिनिअरची नजर आणली. कारखान्यात साखर कमी पडली तर एकच कारण कधी नसतं. ऊस शिळा असेल, मिलचा दाब कमी असेल, इम्बिबिशनचं पाणी कमी असेल, पॅनमध्ये चूक असेल. प्रत्येकाचा वाटा काढायचा आणि मगच बोलायचं. तसंच त्यांनी आणि हवामान खात्याच्या थपलियाल वगैरे शास्त्रज्ञांनी पावसाचं केलं. सोळा खुणा घेतल्या. प्रशांत महासागरात पेरूच्या बाजूचं पाणी तापलंय का, ज्याला एल निनो म्हणतात. हिवाळ्यात हिमालयावर आणि पलीकडे युरोप-आशियाच्या विस्तारावर बर्फ किती पडलं. उत्तर भारत, मध्य भारत, पूर्व किनारा किती तापला. ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला हवेचा दाब किती, अर्जेंटिनाला किती, विषुववृत्ताजवळ हिंदी महासागरावर किती. उंच आकाशात वारे कुणीकडून वाहताहेत. यातल्या किती खुणा अनुकूल, किती प्रतिकूल हे आधी मोजायचं; मग प्रत्येक खुणेला तिचं वजन देऊन समीकरणातून टक्केवारी काढायची.

अर्जेंटिनातल्या हवेचा आणि निफाडच्या उसाचा संबंध काय, असं कुणीही विचारील. नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की गाढव, यावर पाऊस ठरवणाऱ्या आपल्या मंडळींना हे वाहनापेक्षाही अजब वाटलं असेल! पण हवेला शीव-बांध नसतो. एका ठिकाणी ती वर चढली तर दुसरीकडे कुठेतरी खाली उतरतेच, आणि जिथे उतरते तिथे पाऊस होत नाही. प्रशांत महासागराचं पाणी तापलं की ही चढ-उतर जागा बदलते, एवढं साधं त्याचं कारण आहे.

१९८८ साली या सोळा खुणांवरून चांगल्या पावसाचा अंदाज दिला गेला, आणि पाऊस झाला सरासरीपेक्षा सुमारे १९ टक्के जास्त. आदल्या वर्षी जेवढा कमी, बरोबर तेवढाच जास्त. मग काय विचारता! त्यानंतर दर मेअखेरीस रेडिओवर आणि पेपरात 'गोवारीकर मॉडेल' हे शब्द येऊ लागले. शास्त्रज्ञाचं नाव खत-बियाण्याच्या दुकानात चर्चेला येणं, हे आपल्या मुलखात फार थोड्यांच्या वाट्याला आलं आहे. चावडीवरची माणसं 'सरासरीच्या अमुक टक्के, अधिक-उणे चार' या भाषेत बोलू लागली. आम्हाला विचाराल तर हा लाभ अंदाजापेक्षाही मोठा होता. "पाऊस बरा होईल" याला काही अर्थ नसतो. "९८ टक्के, चूक चार टक्क्यांची" याला अर्थ असतो, आणि चुकलं तर धरताही येतं.

आणि पुढे चुकलंच. ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

२००२ साली अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्क्यांचा. जून बरा गेला. जुलै आला आणि आभाळ निळं पडलं. देशात जुलैचा निम्माच पाऊस झाला, असा कोरडा जुलै त्याआधीच्या शंभर वर्षांत क्वचितच झाला असेल. हंगाम संपला तेव्हा आकडा ८१ टक्के. १०१ वर विसंबून ज्यांनी पेरण्या केल्या, लागणी वाढवल्या, त्यांचं काय झालं ते नव्याने सांगायला नको. आपल्या राज्यात त्याच वर्षी जुलैत सांगलीकडे उसावर लोकरी मावा दिसला आणि पुढच्या वर्षभरात ठिकठिकाणी पसरला. एकीकडे पाणी नाही, दुसरीकडे पानं पांढरी. पुढची दोन वर्षं गाळपाचे आकडे बहुतेक कारखान्यांना कळा आणणारे होते.

२००२ पर्यंत गोवारीकर सरकारी सेवेतून केव्हाच बाहेर पडले होते. पण मॉडेलला नाव त्यांचं, तेव्हा बोलही त्यांच्या नावालाच लागला. टीकाकारांचं म्हणणं दोन प्रकारचं होतं आणि दोन्हींत तथ्य आहे. एक असं की सोळा खुणा आणि हाताशी थोड्या दशकांचे आकडे. एवढ्या खुणा घेतल्या की मागचं सगळं छान जुळतं, पुढचं जुळेलच असं नाही. शिवाय खुणांचं पावसाशी असलेलं नातं काळानुसार सैल होत जातं. काही खुणा मधल्या काळात बदलाव्याही लागल्या होत्या. दुसरं असं की १९८८ नंतर तेरा-चौदा वर्षं देशात एकही मोठा दुष्काळी मान्सून झाला नाही. 'पाऊस सर्वसाधारण' असं डोळे मिटून म्हटलं असतं तरी बहुतेक वेळा खरं ठरलं असतं. खरी परीक्षा दुष्काळ आधी ओळखण्याची, आणि तिथेच गाडी अडली.

तरीही आम्ही त्यांच्या बाजूने एक सांगू. सोळा खुणा कोणत्या, वजन कसं दिलं, समीकरण काय, हे सगळं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली छापून ठेवलं होतं. म्हणूनच कुठे चुकलं ते दुसऱ्यांना शोधता आलं. २००३ पासून हवामान खात्याने कमी खुणांची नवी मॉडेलं घेतली, पुढे संगणकावर सबंध वातावरण-समुद्र चालवून बघायची पद्धत आली, आणि २०२१ पासून अनेक मॉडेलांचा एकत्र विचार करून एप्रिल आणि मेअखेरीस अंदाज दिला जातो. देशाचे चार विभाग करून वेगवेगळे आकडेही मिळतात. अजूनही तालुक्याचा आकडा हंगामाआधी कुणी देऊ शकत नाही. देशाची सरासरी शंभर टक्के भरली म्हणजे आपली भरली असं नव्हे. एकाच जिल्ह्यात इगतपुरी-त्र्यंबकला छत्री मिटत नाही आणि सिन्नर-येवल्याला ढग नुसते वरून जातात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. धरण भरतं ते त्र्यंबकच्या पावसावर, आणि कोरडवाहू जळतं ते येवल्याचं. अंदाज ऐकताना तो कोणत्या मुलखाचा आणि चूक किती टक्क्यांची, हे दोन प्रश्न आधी विचारावेत, मग लागणीचं बघावं.

मधल्या काळातलं थोडक्यात. १९९१ ते १९९३ ते पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागार होते. मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष होते. १९९३ साली त्यांनी संपादित केलेल्या लोकसंख्येवरच्या ग्रंथाने दिल्लीत बरीच भुवई उंचावली. लोकसंख्येचा स्फोट, स्फोट असं सगळे ओरडत असताना त्यांचं म्हणणं, जन्मदर उतरू लागलाय, लोकसंख्या शंभर कोटींच्या वर जाणार हे टळत नाही, पण ती स्थिरावण्याच्या वाटेवर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत दर स्त्रीमागे मुलांचं प्रमाण २.० आलं. लोकसंख्या आहे तेवढी राहायला २.१ लागतं. म्हणजे पावसात जे निसटलं ते इथे जुळलं.

१९९५ ते १९९८ ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. तेव्हा नाशिक जिल्हाही त्याच विद्यापीठात. गंगापूर रोडवरच्या कॉलेजांतून त्या काळात जी आपली पोरं पदवीधर झाली, त्यांच्या प्रमाणपत्रावर कुलगुरू म्हणून सही गोवारीकरांची. कुणाच्या घरी भिंतीवर चौकटीत लावलेलं असेल तर जरा जवळ जाऊन बघा.

यानंतर माणसाने आरामखुर्ची घ्यावी, नातवंडं खेळवावी, सभा-समारंभात हार घ्यावेत. गोवारीकरांनी खतं घेतली! आणि एकट्याने नव्हे. पत्नी सुधाताई, इस्रोतले जुने सहकारी कृष्णमूर्ती, शिवाय माणिक धनोरकर आणि कल्याणी परांजपे, असं पाच जणांचं बिऱ्हाड कामाला लागलं. शेतात टाकायच्या प्रत्येक पदार्थाची, प्रत्येक संज्ञेची, प्रत्येक प्रक्रियेची नोंद. साडेचार हजारांवर नोंदी असलेला हा इंग्रजी कोश अमेरिकेतल्या मोठ्या प्रकाशकाने २००९ साली काढला. घरातल्या माणसांना बरोबर घेऊन, पंच्याहत्तरीला, युरिया आणि शेणखताच्या नोंदी तपासत बसणं, याला आम्ही तरी मौजच म्हणतो. नवरा-बायकोने मिळून हिशेबाची वही लिहिली तरी कितीकांच्या घरात भांड्याला भांडं लागतं. इथे साडेचार हजार नोंदी पार पडल्या.

रॉकेटवाला खताकडे का वळावा? आम्हाला त्यात काही नवल वाटत नाही. अमोनियम हा दोन्हींकडचा सोबती. आणि युरियाचा दाणा ओल्या मातीत पडला की त्याचं विरघळणं हा बर्मिंगहॅमचाच जुना प्रश्न. दाणा झटकन विरघळला तर उसाच्या मुळाला मिळायच्या आत नत्राचा बराचसा भाग हवेत उडतो नाहीतर पाण्याबरोबर खाली जातो. म्हणून तर त्याला निंबोळीचं आवरण देतात. २०१५ पासून देशात तयार होणारा सगळा युरिया निंबोळीयुक्तच करायचा असं सरकारने ठरवलं, त्यामागचं कारण हे.

आता आपल्या शेताचा हिशेब करू. युरियात नत्र ४६ टक्के. आडसाली उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, म्हणजे सुमारे ८७० किलो युरिया, एकराला साडेतीनशे किलो. पंचेचाळीस किलोच्या आठेक गोण्या. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, म्हणजे एकराला पाचेक गोण्या. हे एकदम नाही, लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत चार हप्त्यांत. दहा टक्के, चाळीस, परत दहा आणि शेवटी चाळीस. आपल्यात काहीजण दोनच हप्त्यांत उरकतात आणि ऊस पिवळा दिसला की आणखी दोन गोण्या वर फेकतात. मोठ्या बांधणीनंतर उशिरा पडलेलं नत्र उसाचा पाला हिरवा ठेवतं पण साखर मागे ढकलतं. मग उतारा कमी आला की बोलणी केमिस्टला! शेजारच्याने टाकलं म्हणून टाकण्यापेक्षा मातीचा नमुना तपासून घ्या. प्रेसमड आणि पाचट शेतातच ठेवणाऱ्यांनी तर नत्राचा हिशेब नव्याने मांडायला हवा, कारण कुजायला सुरुवात होताना पाचट आधी नत्र ओढून घेतं आणि मागाहून परत देतं.

खतांचा कोश झाला तसा त्याच मंडळींनी, कल्याणी परांजपे यांच्या पुढाकाराने, कीटकनाशकांचा कोशही पुरा केला. २ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात डॉ. गोवारीकरांचं निधन झालं. डेंग्यूचं निमित्त झालं. वय एक्याऐंशी. आपल्याकडे तेव्हा गाळप हंगाम भरात होता, पॅन चोवीस तास चालू होते.